शांत बसण्याचं प्रयोजन

नानांचं चष्म्याचं दुकान आणि वहिनींची वीज कंपनीतली तक्रार-खिडकी यांच्यामध्ये जेमतेम एका रस्त्याचं अंतर होतं. पण दोघा नवरा-बायकोच्या कामात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. नानांच्या दुकानात माणूस खुर्चीवर बसतो, यंत्राला हनुवटी टेकवतो आणि नाना दाखवतील ती अक्षरं मुकाट्यानं वाचतो. वहिनींच्या खिडकीशी माणूस उभा राहतो आणि तोंडाला येईल ते बोलतो. लाइट गेली ती जणू वहिनींनी घरी जाता जाता पिशवीत घालून नेली, अशा थाटात लोक त्यांना जाब विचारतात. बरं, घरी यावं तर घरात नानांच्या आई. आईंना कमी ऐकू येतं. आपल्याला येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार अशी त्यांची ठाम समजूत असल्यामुळे त्या साधं 'पाणी दे' म्हणाल्या तरी समोरच्या इमारतीतला माणूस तांब्या घेऊन उठायचा.

अशाच एका संध्याकाळी शेंगा सोलता सोलता वहिनी म्हणाल्या, "मला एकदा अशा ठिकाणी न्या, जिथे मला कुणी काही विचारणार नाही."

एवढंच बोलल्या आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वहिनींनी स्वतःसाठी काही मागितल्याचं नानांना आठवेना. एकदा कुकर मागितला होता. पण कुकर ही वस्तू 'स्वतःसाठी' या सदरात बसते का, याबद्दल दुमत होऊ शकतं. नानांचा ऊर भरून आला. त्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला. कुठे न्यायचं याचा त्यांना अजिबात पत्ता नव्हता, पण शब्द देताना पत्ता लागतोच असं नाही.

पत्ता लागला तो पुढच्याच आठवड्यात. जंगल खात्यातले एक गृहस्थ चष्मा बदलायला आले होते. काचा घासून होईपर्यंत त्यांनी राष्ट्रीय उद्यानातल्या एका किनाऱ्याचं वर्णन केलं. मागे जंगल, पुढे समुद्र, मध्ये पिठासारखी पांढरी वाळू. दुकान नाही, टपरी नाही, माणूस नाही. पावलाचा ठसा उमटला तर तो आपलाच, असं ते म्हणाले. ऐकता ऐकता नानांनी त्यांची काच जरा जास्तच घासली.

आता एखादी गोष्ट करायची ठरली की माणसानं ती गुपचूप करून टाकावी. पण नानांचा स्वभाव मोकळा. जिना चढता चढता त्यांनी खालच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांना सांगितलं, आणि पोस्टमास्तर निवृत्त झाले असले तरी पोहोचवण्याची सवय सुटलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या इमारतीकडे सल्ला तयार होता. पांढऱ्या वाळूत अनवाणी चालू नये, तळपाय सोलतात. पांढऱ्या वाळूत अनवाणीच चालावं, रक्ताभिसरण सुधारतं. समुद्राकडे पाठ करून बसू नये. समुद्राकडे तोंड करून जेवू नये. स्वतः पोस्टमास्तरांनी बजावलं, की पांढऱ्या वाळूवरचा उजेड डोळ्यांना घातक असतो आणि त्यानं माणूस कायमचा आंधळा होऊ शकतो. हे त्यांनी नानांना, म्हणजे चष्म्याच्या दुकानदाराला, त्याच्याच दुकानात उभं राहून सांगितलं. नानांनी समोरची काच पुसायला घेतली. काही अपमान इतके मोठे असतात की त्यांना उत्तर देणं म्हणजे त्यांची किंमत कमी करणं.

खरी गंमत परवान्याच्या कचेरीत झाली. किनारा राखीव होता; लेखी परवानगीशिवाय आत पाऊल टाकता येत नव्हतं. नाना इस्त्रीचा शर्ट घालून गेले. खिडकीतल्या कारकुनानं प्रयोजन विचारलं. नानांनी खरं ते सांगितलं: शांत बसायचं आहे. कारकुनानं समोरचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. अभ्यास होता, छायाचित्रण होतं, पक्षीनिरीक्षण होतं. शांत बसणं नव्हतं.

"नुसतं बसायला परवानगी कशाला लागते?" कारकून म्हणाला.

"मग तसाच जाऊ?"

"छे. परवानगीशिवाय कसं जाल?"

शेवटी दोघांच्या संमतीनं पक्षीनिरीक्षण ठरलं. नानांना कावळा, चिमणी आणि कबूतर एवढे पक्षी नक्की ओळखता येत. चौथ्यापासून अडचण होती. पण बसल्या जागी एखादा पक्षी समोरून गेला तर आपण काही डोळे मिटून घेणार नाही, तेव्हा हे खोटं म्हणता येणार नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. कारकुनानं शिक्का उचलला आणि मध्येच थांबला. पक्षीनिरीक्षणासाठी पथक लागतं. पथक किमान सात जणांचं. नानांनी कारण विचारलं. कारकून समजूतदारपणे म्हणाला, की एक-दोन माणसं हरवली तर त्यांना शोधायला खात्याकडे माणसं नाहीत. सात जण हरवले तर ते आपसातच एकमेकांना शोधतात.

अशा रीतीनं, जिथे कुणी नसेल अशा ठिकाणी जाण्यासाठी नाना माणसं गोळा करायला लागले.

आईंना घरी एकटं ठेवणं शक्यच नव्हतं, त्या तिसऱ्या. पोस्टमास्तर आणि मास्तरीणबाई विचारण्याआधीच तयार झाले, ते चौथे-पाचवे. उरल्या दोन जागांसाठी नानांनी जंग जंग पछाडलं, पण अखेर ज्यांना टाळण्यासाठी ते गेली कित्येक वर्षं लग्नकार्यात पहिल्या पंगतीला जेवून घेत होते, त्या साडूंना फोन करावा लागला. साडू म्हणजे वहिनींच्या थोरल्या बहिणीचे यजमान; ते सहावे आणि मेहुणी सातवी. त्यांनी सगळं जग पाहिलेलं होतं, आणि आपण पाहायला निघालो ते त्यांनी याहून चांगलं कुठेतरी आधीच पाहिलेलं असायचं. शिवाय त्यांच्याकडे सात माणसांची मोठी गाडी होती, आणि हे त्यांनी फोनवर दोनदा सांगितलं.

वहिनींना हे सगळं एकदम सांगायचा नानांना धीर होईना. रोज जेवताना एक-एक माणूस वाढवत त्यांनी आठवड्याभरात सातापर्यंत मजल मारली. दर वेळी वहिनी म्हणत, "बरं." वहिनींच्या 'बरं'चे प्रकार आहेत. शेवटच्या दिवशीचा 'बरं' नानांनी पूर्वी कधी ऐकला नव्हता. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

निघण्याच्या सकाळी नानांनी आपलं हुकमी पान काढलं. सातही जणांसाठी त्यांनी दुकानातून, ज्याच्या-त्याच्या नंबरप्रमाणे, काळे चष्मे बनवून आणले होते. असा विचार जगातल्या कुठल्या पथकप्रमुखानं केला असता? गाडीत सगळ्यांनी चष्मे लावले आणि वाटेत चहाला उतरले तेव्हा टपरीवाल्यानं आईंचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं आणि ऑपरेशन कुणाकुणाचं झालं म्हणून आपुलकीनं चौकशी केली.

उद्यानाच्या फाटकावर वनाधिकारी बाई स्वतः हजर होत्या. पक्षीनिरीक्षकांचं पथक येणार म्हणून त्या मुद्दाम थांबल्या होत्या. बाई उंच, गंभीर, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, की या दिवसांत किनाऱ्यावरचे पक्षी उघड्या वाळूतच अंडी घालतात. लाल झेंड्यांच्या पलीकडे कुणीही जायचं नाही. माणसांच्या आवाजानं पक्षी घाबरून उठतात आणि अंडी उन्हात उघडी पडतात. यावर आईंनी "काय म्हणते ती?" असं विचारलं, आणि फाटकामागच्या झाडावरचे सगळे पक्षी उडाले. बाईंनी आईंकडे पाहिलं, साडूंच्या भडक केशरी शर्टाकडे पाहिलं आणि नानांना सौम्यपणे विचारलं, की आपल्या पथकाचा विशेष अभ्यास कोणत्या पक्ष्यांचा. नाना म्हणाले, "सर्वसाधारण." त्या उत्तरानंतरचा क्षण ते आजही आठवू इच्छित नाहीत.

आणखी एक सूचना होती. किनाऱ्यावर जाताना एक खाडीचं तोंड ओलांडावं लागतं. ओहोटीला पाणी घोट्याइतकं, भरतीला पुरुषभर. भरती सुरू व्हायच्या आत परत फिरायचं. खाडीवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी पोस्टमास्तरांनी आपणहून घेतली.

जंगलातली पायवाट, मग खाडी, मग वाळूचा उंचवटा. आईंना घडीच्या खुर्चीत बसवून नाना आणि साडू दोन्ही बाजूंनी उचलून नेत होते. नाना बुटके, साडू उंच. त्यामुळे आई सगळा वेळ नानांच्या बाजूला कललेल्या. आपलं वजन मुलाकडे जास्त गेलं याचं त्यांना समाधान होतं. उंचवटा चढून सगळे वर आले आणि काय आश्चर्य, कुणी काही बोललंच नाही.

तसा किनारा नानांनी चित्रातही पाहिला नव्हता. वाळू पांढरी म्हणजे किती पांढरी, तर नुकत्या धुतलेल्या चादरीसारखी, आणि लांबच्या लांब एकही सुरकुती नाही. पाणी काठाशी काचेसारखं, पुढे हिरवट आणि त्यापुढे गडद निळं. लाटसुद्धा मोठ्यानं येत नव्हती. नानांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी काळा चष्मा काढला होता.

ही शांतता टिकली तितका वेळ टिकली. मग साडू म्हणाले, की त्यांनी पाहिलेल्या एका किनाऱ्यावरची वाळू याहून पांढरी होती. पोस्टमास्तरांनी वाळू पांढरी का असते हे सांगायला सुरुवात केली. वहिनी लांब जाऊन बसल्या, तर एकेक माणूस त्यांच्यापाशी येऊ लागला. थर्मास कुठे ठेवलाय? मीठ आणलंय का? सावली इकडे येईल की तिकडे? मेहुणीनं सांगितलं, की आमच्याकडे गेल्या महिन्यापासून बिल जास्त येतंय, जरा बघशील का. नाना लांबून पाहत होते. बायकोसाठी त्यांनी समुद्र आणला, वाळू आणली, आकाश आणलं, आणि त्यांच्या मध्यभागी तीच तक्रार-खिडकी उघडून दिली.

जेवणं झाली आणि आईंनी कवळी धुऊन रुमालात ठेवली. मास्तरीणबाई स्वच्छतेच्या भोक्त्या. त्यांनी आवराआवरी करताना तो रुमाल उचलला आणि वाऱ्यावर चांगला झटकला.

पांढऱ्या वाळूत पांढरे दात शोधणं हे काम सोपं नाही. त्यातून सहा माणसांनी काळे चष्मे लावलेले. सगळे गुडघ्यांवर बसून वाळू चाळत पुढे सरकू लागले. वाळूत शिंपल्यांचे तुकडे असंख्य, आणि प्रत्येक तुकडा आधी दातासारखाच दिसायचा. साडू दर थोड्या वेळानं काहीतरी उंचावून "सापडले" म्हणायचे. आई खुर्चीत बसून पुढे आलेला प्रत्येक शिंपला निरखून पाहत आणि मान हलवून नाकारत होत्या. पोस्टमास्तर या कामात इतके रमले, की खाडी नावाची काही वस्तू आपल्याकडे सोपवली आहे याचा त्यांना विसर पडला. कवळी सापडली नाहीच. आणि निघायचं म्हणून सगळे खाडीपाशी आले, तेव्हा सकाळी जिथे घोटे भिजले होते तिथे रुंद, हिरवं, गप्प पाणी भरलेलं होतं.

साडू म्हणाले, याहून मोठ्या खाड्या आपण ओलांडल्या आहेत. ते गेले. छातीपर्यंत गेले, एक गटांगळी खाल्ली आणि परत आले, ते एक बूट आणि गाडीची किल्ली खाडीला देऊन. मेहुणीनं शांतपणे पर्समधून दुसरी किल्ली काढून दाखवली. ती लग्नापासून सगळ्याच गोष्टींची दुसरी किल्ली जवळ बाळगून होती. पण गाडी होती पलीकडे. फोनला रेंज नव्हती. मास्तरीणबाई रडू लागल्या. पोस्टमास्तर म्हणाले, खाडीकडे बघायचं खरं, पण कवळी शोधा असं कुणी सांगितलं? साडू थंडीनं कुडकुडत नानांवर ओरडले, की पथकप्रमुख तुम्ही, आता आम्हाला पलीकडे न्या. आईंना नक्की काय झालंय ते कळत नव्हतं, म्हणून त्या सगळ्यांत मोठ्यानं विचारत होत्या. लाल झेंड्यांपलीकडे पक्ष्यांचा एक थवा घाबरून उठला आणि कर्कश ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागला.

नाना उभे होते. काहीतरी बोलायला हवं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी खिशातून परवाना काढला आणि पुन्हा आत ठेवला.

तेव्हा वहिनी वाळूच्या उंचवट्यावर चढल्या आणि त्यांनी एक हात वर केला. ओरडल्या नाहीत. त्या ज्या आवाजात बोलल्या तो नानांनी कधी ऐकलाच नव्हता. कारण रस्त्यापलीकडे दुकान असूनही ते त्यांच्या खिडकीशी कधी उभे राहिले नव्हते.

"एकेकानं बोला," वहिनी म्हणाल्या. "आधी आई. मग वयाप्रमाणे. मधे कुणी बोलायचं नाही."

आणि सगळे खरंच रांगेत उभे राहिले. ओलेचिंब साडूसुद्धा. वहिनींनी आईंजवळ वाकून, एकेक शब्द सुटा करून, भरती आली आहे आणि संध्याकाळी पाणी उतरेल असं सांगितलं. आई पहिल्यांदाच हळू आवाजात "हो का?" म्हणाल्या. मग पोस्टमास्तर. त्यांचं बोलून झाल्यावर वहिनींनी विचारलं, "आणखी काही?" या दोन शब्दांत अशी काही जादू होती, की पोस्टमास्तरांजवळ आणखी पुष्कळ असूनही ते नाही म्हणाले. मास्तरीणबाईंना त्यांनी पाणी दिलं. साडूंना म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा शर्ट वाळत घाला आणि माझी शाल घ्या. आणखी काही?" साडूंनी मान हलवली. मग नानांचा नंबर आला. नाना चुळबुळत म्हणाले, "माझी काही तक्रार नाही. चूक माझी आहे." वहिनींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, ओठांच्या कडेला काहीतरी हललं, आणि त्या पुढच्या माणसाकडे वळल्या.

सगळ्यांचं संपल्यावर त्या म्हणाल्या, "सगळ्यांचं ऐकून घेतलंय. पाणी आलंय तसं जाणार, आपण ओरडल्यानं लवकर जाणार नाही. वर त्या पक्ष्यांची अंडी उन्हात पडली आहेत. तेव्हा पाणी उतरेपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही आणि जागचं हलायचं नाही."

कुणी बोललं नाही. कुणी हललं नाही.

आधी डोक्यावरचा कलकलाट कमी झाला. मग एकेक पक्षी खाली उतरला. लाटेचा आवाज ऐकू यायला लागला; तो सकाळपासून चालूच होता, पण आता त्याला जागा मिळाली. ऊन तिरपं झालं आणि पांढरी वाळू आधी पिवळसर, मग गुलाबी दिसू लागली. झेंड्यांपलीकडून एक लहानसा, वाळूच्याच रंगाचा पक्षी तुरुतुरु चालत आला, आणि त्याच्यामागे कापसाच्या बोळ्यांसारखी पिल्लं. पोस्टमास्तरांच्या पायाच्या अंगठ्यासमोर तो थांबला. पोस्टमास्तरांनी श्वास रोखून धरला. निवृत्तीनंतर इतका वेळ ते प्रथमच गप्प होते, आणि ते त्यांना शोभत होतं. आईंच्या चेहऱ्यावर असं काही हसू होतं, की दात असते तरी त्यात भर पडली नसती.

नानांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी मागे हात टेकून, पाय वाळूत रुतवून बसल्या होत्या. डोळे मिटलेले. कपाळावरची ती कायमची आठी गेलेली. इतकी वर्षं ती आठी नंबरची असावी असं समजून नाना दर वर्षी त्यांचे डोळे तपासत आले होते.

सूर्य पाण्याला टेकायला आला तेव्हा खाडी उतरली होती. पलीकडून वनाधिकारी बाई आणि फाटकावरचा रक्षक दोर घेऊन येताना दिसले. आता आपली काही धडगत नाही, या तयारीनं नाना उठले आणि शर्टाची वरची गुंडी लावून पुढे झाले.

बाई रागावल्या नाहीत. पथक वेळेत परत आलं नाही म्हणून त्या टेहळणीच्या मचाणावर चढल्या होत्या आणि दुपारपासून दुर्बिणीतून सगळं पाहत होत्या. मचाणावरून पाणी आणि माणसं दोन्ही दिसत होती, तेव्हा धोका नाही हे त्यांना कळत होतं. आणि पक्षी परत घरट्यांवर उतरताना पाहून त्यांनी मुद्दामच घाई केली नाही. इतकी वर्षं इथे पथकं येतात, त्या म्हणाल्या, पण पिल्लं माणसांच्या मधून चालत गेलेली मी आज प्रथम पाहिली. मग त्यांनी उंचवट्याकडे बोट केलं. वहिनी तिथे घडीची खुर्ची मिटत होत्या.

"एक हात वर केला आणि सगळे बसले," बाई म्हणाल्या. "त्या कोण?"

नाना ताठ झाले. आयुष्यात हा प्रश्न इतक्या मानानं त्यांना कुणी विचारला नव्हता. उत्तर देण्यासाठी त्यांनी घसा खाकरला, आणि तेवढ्यात आईंनी रक्षकाच्या खांद्यावर हात टाकून, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझी शून आहे ती! शून!"

बाईंना नीट कळलं नाही. तेव्हा मेहुणी म्हणाली, धाकटी बहीण माझी. शाल लपेटलेले साडू म्हणाले, अशी मेहुणी तुम्हाला जगात कुठे सापडणार नाही, मी सगळीकडे हिंडलोय. पोस्टमास्तर मागे राहतात थोडेच. त्यांनी सांगितलं, की या आमच्याच इमारतीतल्या, आमच्या डोक्यावर राहतात. मास्तरीणबाईंनी 'अगदी आमच्या लेकीसारख्या' असं जोडलं.

नातं म्हणून सांगण्यासारखं नानांना काही शिल्लकच राहिलं नाही. सगळे वहिनींना मध्ये घेऊन खाडीकडे चालू लागले. बाई त्यांना काही विचारत होत्या आणि वहिनी हसून, सावकाश, मनापासून उत्तरं देत होत्या. वाळूत त्यांच्या चपला राहिल्या होत्या. नानांनी त्या उचलल्या, एकमेकींवर आपटून वाळू झटकली, आणि पाणी लागू नये म्हणून दोन्ही हात उंच धरून, मान वर करून, सगळ्यांच्या मागून ते खाडीत उतरले.